डोंगरातल्या उन्हाळ्याचं घड्याळ

आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली की आमच्याकडे दोन तऱ्हेची पत्रं येऊ लागतात. काहींना सातपुड्यात, म्हणजे तोरणमाळ, पाल, यावल अभयारण्य असं जवळपास जायचं असतं. काहींना थेट उत्तराखंड गाठायचं असतं, त्यातही फुलों की घाटी राष्ट्रीय उद्यान. दोन्ही पत्रांत एक गोष्ट धरूनच चाललेली असते : वर गेलं की गार. ते अर्धंच खरं आहे. डोंगरात तापमानाचा आकडा जितका उंचीवर ठरतो तितकाच दिवसाच्या वेळेवर ठरतो, आणि माणसं फसतात ती वेळेत. आलेल्या प्रश्नांतले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न (शहादा) : मे महिन्यात मुलांना घेऊन दोन दिवस तोरणमाळला जायचं आहे. इथे पारा ४३ च्या पुढे जातो. वर कितपत गार असेल?

तापीकाठच्या सपाटीपेक्षा तोरणमाळचं पठार साधारण एक हजार मीटर उंच आहे. हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे खाली ४३ असताना वर दुपारी ३६-३७ असणार. झळा कमी लागतील, पण त्याला थंड हवा म्हणता येणार नाही. उष्णतेच्या लाटेचा विचार करताना हवामान खातं सपाटीवर ४० अंश हा उंबरठा धरतं आणि डोंगराळ भागात ३० अंश. त्या हिशेबाने ३६ हा डोंगरासाठी चांगलाच ताप आहे.

खरा फरक पडतो तो संध्याकाळनंतर. आपल्याकडे काळी जमीन, सिमेंटच्या भिंती आणि पत्रे दिवसभर तापतात आणि रात्री एक-दोन वाजेपर्यंत ती ऊब सोडत राहतात. पठारावर वारा मोकळा असतो आणि आकाश निरभ्र, त्यामुळे सूर्य मावळला की जमीन भराभर निवते. पहाटे लहान मुलाला अंगावर चादर लागते. म्हणून आमचं सांगणं असं : सकाळी साडेपाच ते साडेनऊ फिरा, दुपारभर खोलीत किंवा यशवंत तलावाकाठच्या सावलीत काढा, आणि साडेचारनंतर पुन्हा बाहेर पडा. सीताखाईच्या दरीकडे भर दुपारी गेलात तर खडकाची धग खालून आणि ऊन वरून, असं दोन्हीकडून भाजेल.

मे महिन्यात सातपुड्यातला साग उघडाबोडका असतो हेही लक्षात असू द्या. पानगळीचं जंगल आहे, उन्हाळ्यात सावलीच राहत नाही. जंगलातून जायचंय म्हणून पाणी कमी घेतलं, ही चूक नेहमीची. मोठ्या माणसामागे निदान तीन लिटर तरी घ्या. खाली वाळलेल्या पानांचा थर असतो, तेव्हा चूल, विडी, फटाका काहीही नको. दुपारचा वारा उताराने वर चढतो आणि आग माणसाच्या पायापेक्षा वेगाने वर धावते. वणवा दिसला तर वर पळू नका, बाजूला किंवा आधीच जळून गेलेल्या जागेकडे सरका.

घाटाचंही एक सांगतो. भर दुपारी, भरलेली गाडी, एसी चालू आणि सात पायरी घाटाचा चढ, इतकं एकत्र आलं की इंजिन तापतं. सकाळी नऊच्या आत घाट चढा. काटा वर सरकला तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्या, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. उतरताना दुसरा गिअर ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका.

प्रश्न (भुसावळ) : मुलांच्या सुट्टीत, मेच्या शेवटच्या आठवड्यात फुलों की घाटी पाहता येईल का? फुलं असतील ना?

मेमध्ये उद्यान बंद असतं. ते १ जूनला उघडतं आणि ३१ ऑक्टोबरला बंद होतं. चमोली जिल्ह्यात, साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटरचं हे उद्यान १९८२ साली घोषित झालं, आणि २००५ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. आत मुक्काम करता येत नाही. घांघरिया या शेवटच्या वस्तीत राहायचं, सकाळी आत जायचं आणि दिवस मावळायच्या आत परतायचं.

आता फुलांचं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दरीत ठिकठिकाणी बर्फ असतो, ओढ्यांवर बर्फाचे पूल असतात आणि गवत नुकतं डोकं काढत असतं. फुलांचा भर मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट, म्हणजे ऐन पावसात. पाऊस नाही तर फुलं नाहीत, इतकं ते सरळ आहे. आपल्या शाळा जूनच्या मध्यात उघडतात, त्यामुळे सुट्टी आणि फुलं यांचा मेळ बसत नाही. जूनच्या पहिल्या दहा दिवसांत गेलात तर बर्फ, धबधबे आणि मोकळं आकाश बघायला जातोय असंच मनाशी ठरवून जा. फुलंच हवी असतील तर १५ ऑगस्टच्या आसपास चार-पाच दिवस काढा. कापूस-केळीच्या घरात तो निंदणीचा आणि खताचा काळ असतो हे आम्हाला ठाऊक आहे. पण अर्धं गाळात, अर्धं बर्फात असं जूनअखेरीस जाण्यापेक्षा ते बरं.

बर्फाच्या पुलाबद्दल एक इशारा. वरून तो पक्का दिसतो, पण खालून वाहतं पाणी त्याला कोरत असतं. सकाळी तो कडक असतो आणि दुपारी मऊ पडतो. कडेला भेग, मधोमध खोलगट भाग किंवा करडा रंग दिसला तर त्यावर पाय ठेवू नका. मळलेली वाट सोडून फोटोसाठी पुलावर जाणं तर नकोच. ओढ्यांचंही तसंच. बर्फ दिवसा वितळतो, म्हणून त्यांचं पाणी दुपारनंतर चढतं आणि पहाटे सर्वांत कमी असतं. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून गेलेला माणूस चार वाजता तिथेच मांडीएवढ्या पाण्यासमोर उभा राहतो.

प्रश्न (जळगाव) : मोबाइलवर जोशीमठचं तापमान २६ दाखवतं. तेवढंच वर धरायचं का?

नाही. मोबाइलवरचा आकडा गावाचा असतो, तुम्ही जाणार त्या उंचीचा नसतो. गणित घरीच करा. जोशीमठ साधारण १,९०० मीटरवर, घांघरिया ३,०५० च्या आसपास. फरक साडेअकराशे मीटर, म्हणजे सुमारे सात अंश कमी. २६ चे १९ झाले. घांघरियाच्याही वरचं शिखांचं तीर्थ हेमकुंड साधारण ४,३०० मीटरवर, म्हणजे आणखी आठ अंश कमी, ११. ढग आले, वारा सुटला आणि अंग ओलं असलं तर त्या ११ चा गारठा शून्याजवळचा वाटतो. रात्री घांघरियात जूनमध्येही पारा एक आकडी येतो.

अंदाज पाहायचा तर हवामान खात्याच्या डेहराडून केंद्राचा जिल्हानिहाय अंदाज पाहा, चमोली जिल्ह्याच्या नावापुढचा. त्यात अमुक मीटरच्या वर बर्फ असं वेगळं लिहिलेलं असतं, ते वाक्य चुकवू नका. पिवळा इशारा असेल तर सावधपणे निघा. नारिंगी असेल तर त्या दिवशी चढाई नको आणि बद्रीनाथ रस्त्यावर प्रवासही नको. १६ आणि १७ जून २०१३ च्या अतिवृष्टीत, घांघरियाची वाट जिथून सुरू होते त्या गोविंदघाटला नदीकाठची बांधकामं आणि उभी वाहनं अलकनंदेने नेली. मॉन्सून तेव्हा नेहमीपेक्षा बराच आधी तिथे पोहोचला होता. एरवी तो तिथे जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. तेव्हा जूनचा पहिला पंधरवडा कोरडाच, असं समजून परतीचं आरक्षण घट्ट करू नका. रस्ता दरडीने अडला तर हाताशी असावेत म्हणून दोन दिवस मोकळे ठेवा.

प्रश्न (धुळे) : डोंगरात सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी हमखास गडगडाट, असं का होतं? त्यात सापडलो तर काय करावं?

हा या वेळचा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सूर्य वर आला की पूर्वेकडचे उतार आधी तापतात. उताराला चिकटलेली हवा गरम होऊन वर सरकते, तिची जागा घ्यायला दरीतली हवा चढते. दुपारपर्यंत हा वारा दरीतून शिखराकडे वाहत राहतो. वर गेलेली हवा थंड होते, तिच्यातला ओलावा सुटतो, ढग धरतो. रात्री उलटं होतं. उतार निवतात, जड झालेली गार हवा खाली दरीत उतरते, ढग विरतात. म्हणून पहाट स्वच्छ आणि दुपार ढगाळ. वळवाच्या दिवसांत सातपुड्यातही हेच घडतं. रावेर-यावलच्या केळीच्या बागा आडव्या करणारा वादळवारा दुपारनंतरच येतो.

ढग वाचता येतो. नऊ-दहाला शिखरांवर पिंजलेल्या कापसासारखे पुंजके दिसू लागतात, खालून सपाट, वरून गोल. यात धोका नाही. अकरा-बारापर्यंत एखादा पुंजका रुंदीपेक्षा उंच झाला तर पुढच्या दोन तासांत उतरायला हवं. वरची कड फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी ठसठशीत आहे तोवर ढग वाढतो आहे. ती कड धूसर होऊन माथा लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरला आणि बूड काळंनिळं झालं, की वीज आणि गारा आल्याच. पावसाच्या आधी अचानक थंड वाऱ्याचा झोत येतो, तो शेवटचा इशारा.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा. तितके किलोमीटर ती दूर. तीस सेकंद किंवा त्याहून कमी आले तर तुम्ही टप्प्यात आहात, हलायलाच हवं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आडोशातून बाहेर पडायचं नाही. बळी पुष्कळदा पाऊस थांबला म्हणून लगेच बाहेर आलेल्यांचेच जातात.

आडोसा म्हणजे पक्की इमारत किंवा पत्र्याच्या टपाची बंद गाडी. एकटं झाड, कड्याची कड, खडकाची उथळ कपार, तंबू, कापडी छपराची टपरी हा आडोसा नाही. कपारीत लोक हटकून शिरतात. पण कड्यावर पडलेली वीज खडकाच्या अंगावरून वाहत खाली येते आणि कपारीच्या तोंडाशी उभ्या माणसातून उडी घेते. काहीच मिळालं नाही तर धारेवरून उतरा, सखल पण कोरड्या जागी पाय जुळवून उकिडवे बसा, टाचा एकमेकींना लावा, कान झाका. आडवं पडू नका, कारण जमिनीतून जाणारा प्रवाह अंगभर मिळतो. चारजण असाल तर वीस-पंचवीस पावलं दूर दूर बसा, म्हणजे एकाला लागलं तर बाकीचे मदतीला उरतात. विजेच्या झटक्याने पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावायला घाबरू नका, श्वास नसेल तर लगेच छातीदाबन सुरू करा.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप आसपासच्या विजा दाखवतं. ते घरूनच उतरवून घ्या. वर मात्र रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा बोटांवर मोजणं शिकून ठेवा. फुलों की घाटी असो वा हेमकुंड, पहाटे निघायचं आणि दुपारी एकपर्यंत परतीला लागायचं, मग आकाश कसंही दिसो.

प्रश्न (अमळनेर) : स्वेटर घ्यावा की रेनकोट? जीन्स चालेल ना?

जीन्स नको. ओली जीन्स मांडीला चिकटते, चालताना गुडघ्याला खेचते आणि दोन दिवस वाळत नाही. ओलं सुती कापड अंगातली ऊब शोषून घेतं. आपल्याकडे चाळीस अंशांत सुती सदरा वरदान आहे तो याच गुणामुळे, आणि तिथे त्याच गुणामुळे तो घातक ठरतो.

तीन थर करा. अंगालगत पॉलिस्टर किंवा लोकरीचा सदरा, त्यावर फ्लीसचं जाकीट, सर्वांत वर पाऊस आणि वारा अडवणारं जाकीट व पँट. पन्नास रुपयांचा प्लॅस्टिकचा पोंचो वाऱ्यात डोक्यावर येतो आणि पायाखालची वाट दिसेनाशी करतो, तो फक्त सोबत असू द्या. पाठपिशवीवर रेनकव्हर घातलं तरी पाठीकडून पाणी शिरतं, म्हणून पिशवीच्या आत आधी जाडजूड प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात कपडे. मोजे तीन जोड, त्यातला एक फक्त झोपताना, काही झालं तरी तो चालताना घालायचा नाही. भिजलेल्या बुटात रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. शेकोटीजवळ बूट ठेवलात तर तळ सुटतो.

थंडी चढतेय हे कसं ओळखावं? आधी कुडकुड. मग बोटांनी चेन लावता येत नाही, बोलणं जड होतं, माणूस मागे पडतो आणि मी ठीक आहे म्हणत राहतो. कुडकुड थांबली आणि ऊब मात्र आलेली नाही, तर ती धोक्याची खूण आहे. ओले कपडे काढा, कोरडे घाला, खाली चटई द्या, शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा पाजा. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. हे सगळं शून्याखालीच होतं असं नाही. दहा अंशांत, भिजलेल्या अवस्थेत, वाऱ्यात तासाभरात होतं.

प्रश्न (चाळीसगाव) : आम्ही ४५ अंशांत शेतात काम करणारी माणसं. पंधरा अंशांतल्या उन्हाने आमचं काय होणार?

ऊन भाजतं ते अतिनील किरणांनी, आणि हवेच्या गारव्याशी त्यांचा संबंध नाही. हजार मीटरमागे ही किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढतात. तीन हजार मीटरवर एक तृतीयांश जास्त समजा. ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत उलट फेकतो, म्हणून हनुवटीखाली, नाकपुड्यांत, कानामागे भाजतं. झळ लागत नसल्याने कळत नाही, रात्री आग होते. उपरणं डोक्याला आहेच, ते गालांवरूनही घ्या. एसपीएफ तीसच्या पुढचं सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा, ओठांनाही. बर्फावर काळा चष्मा हवाच, कडेने बंद असेल तर उत्तम. डोळे भाजले तर त्रास लगेच नाही, सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखा सुरू होतो.

प्रश्न (यावल) : आई ६४ वर्षांची, रक्तदाबाची गोळी चालू. हेमकुंडला न्यावं का?

आधी तिच्या डॉक्टरांना विचारा, आणि ४,३०० मीटर हा आकडा त्यांना सांगा. नुसतं डोंगरावर म्हटलं तर त्यांना अंदाज येत नाही. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच असतो, म्हणजे एका श्वासात प्राणवायूही तितकाच कमी. वय हा अडसर नाही. घाई हाच अडसर. आपण दोनशे मीटरवरची माणसं. हरिद्वार, मग जोशीमठला एक रात्र, घांघरियाला दोन रात्री, पहिल्या दिवशी घाटी आणि दुसऱ्या दिवशी हेमकुंड असा क्रम ठेवा. उलटा नको. तीन हजारांच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये. हेमकुंडला मुक्काम नसतो, त्याच दिवशी उतरायचं, ही सोयीची गोष्ट आहे.

डोकं दुखतंय, जोडीला मळमळ किंवा गरगर, भूक नाही : हा उंचीचा त्रास. तिथेच थांबा, आणखी वर जाऊ नका. बसल्याजागीही धाप, खोकला, चालताना दारू प्यायल्यासारखा तोल, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी खाली उतरवा. तोल बघायला सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालायला सांगा. ॲसिटाझोलामाइडची गोळी डॉक्टर देतील तरच घ्यावी, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं. रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नये. घोड्यावर किंवा कंडीत (हमालाच्या पाठीवरच्या टोपलीत) बसलं म्हणून हा त्रास टळत नाही, आणि बसलेलं माणूस न हलल्यामुळे जास्त गारठतं. तिला चालणाऱ्यापेक्षा एक थर जास्त घाला.

प्रश्न (पारोळा) : वर डाळ-भात शिजत नाही म्हणतात, खरं का?

खरं आहे. तीन हजार मीटरवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ गळत नाही. कुकर असेल तर शिजते. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ न्या. थंडीत गूळ-शेंगदाणे खिशात असलेले बरे.

प्रश्न (नंदुरबार) : जूनच्या सुरुवातीला परत येऊ तेव्हा इथे नवतपा असेल. आठ दिवस गारव्यात राहून एकदम उन्हात आलं तर त्रास होतो का?

होतो, आणि याकडे कोणी लक्ष देत नाही. उन्हाची सवय म्हणजे घाम लवकर येणं, त्यातून मीठ कमी जाणं आणि रक्तातलं पाणी वाढलेलं असणं. गारव्यात आठ-दहा दिवस काढले की ही सवय काही प्रमाणात सुटते. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेला की नवतपाचे नऊ दिवस असतात, त्यात किंवा त्याच्या लगेच पुढे तुम्ही घरी पोहोचणार. पहिले चार-पाच दिवस अकरा ते चार शेतात जाऊ नका. पहिल्या दिवशी सकाळी दोन तास काम, मग रोज अर्धा-पाऊण तास वाढवा. ताक, मीठ-साखरेचं पाणी, कैरीचं पन्हं तहान लागायच्या आधी घ्या. लघवी गर्द पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. परतीच्या गाडीत खिडकीच्या झळा लागतात. भोपाळ-इटारसीपासूनच ओला रुमाल मानेवर ठेवा.